चिंचोडीचा भोंगा

"मॅडम, हे यंत्र पत्ते खेळतं," बोऱ्हाडेमामा म्हणाले. "अन् त्याच्या हातात तुम्ही भोंगा द्यायला निघालाय?"

बिडवईसाहेब हसले. मला मात्र राग आला. कारण पत्त्यांचा खेळ त्या कॉम्प्युटरवर आधीपासूनच होता, मी टाकला नव्हता, आणि दुपारच्या वेळी तो खेळताना मामांनी मला दोनदा पकडलं होतं.

चिंचोडी धरणाच्या नियंत्रण कक्षात आम्ही तिघंच होतो. बिडवईसाहेब कार्यकारी अभियंता, म्हणजे शेवटचा शब्द त्यांचा. मी वृंदा कामठे, कनिष्ठ अभियंता, नोकरीला लागून जेमतेम सव्वा वर्ष झालेली आणि कुणाचं ऐकून न घेणारी. आणि दाराबाहेर चपला काढून उंबऱ्यात उभे एकनाथ बोऱ्हाडे, सत्तावीस वर्षं या धरणाचे गेट ऑपरेटर. सगळं ऑफिस त्यांना मामा म्हणायचं.

प्रश्न भोंग्याचा होता. धरणाखाली वेळगंगा नदी उन्हाळ्यात कोरडी पडायची. महिन्या-दीड महिन्यानं खालच्या शहरासाठी पाण्याचं आवर्तन सोडलं की तासाभरात पात्र भरून वाहायचं. मधल्या दिवसांत पात्रात माणसं असायची. धुणं धुणाऱ्या बायका, गुरं, आणि चार किलोमीटरवरच्या वेळगावच्या घाटावर दहाव्या-तेराव्याला जमलेली मंडळी. म्हणून पाणी सोडण्याआधी भोंगा द्यायचा, लोकांनी वर यायचं. जुना भोंगा मोटरीवरचा होता, आमच्याच छपरावर. एक बटण, एक वायर. दाबलं की खोलीच्या काचा थरथरायच्या. पण वारा उलटा असला की घाटापर्यंत आवाज पोचायचा नाही. आदल्या वर्षी दोन म्हशी वाहून गेल्या होत्या.

म्हणून नदीकाठानं घाटापर्यंत चार खांबांवर चार कर्णे बसवायचं ठरलं. ते वाजवायचे कशानं, यावर आमचा वाद. एका कंपनीचा फक्त भोंग्यासाठी बनवलेला डबा होता, त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि तो यायला आठ महिने लागणार होते. मला आमचा टेबलावरचा कॉम्प्युटर पुरे वाटत होता. घराघरांत असते तीच ऑपरेटिंग सिस्टिम.

"मामा, पत्ते खेळतं म्हणूनच ते चांगलं," मी म्हणाले. "त्याला कुठलंही काम सांगा. तलावाची पातळी घेईल, पत्रं छापेल, वरच्या धरणांचे निरोप घेईल आणि ठरल्या मिनिटाला भोंगाही देईल. बिघडलं तर जुन्नरातला कुठलाही पोरगा दुरुस्त करेल. तो डबा बिघडला तर माणूस बंगळूरहून येणार."

"म्हंजी एक ना धड, भाराभर चिंध्या."

"सगळं धड करतं ते."

"करत आसंल. पर त्याला यातलं म्हत्त्वाचं कोणतं, ते कळतं का?"

"म्हणजे?"

"म्हंजी असं बघा. घरात पाव्हणं आल्यात, च्या उकळतोय, फोन वाजतोय अन् पाळण्यातलं पोरगं रडतंय. बाई पयली पोराकडं धावती. तुमचं यंत्र कुनाकडं धावंल?"

"सगळ्यांना थोडा थोडा वेळ देतं ते. इतका भरभर की कुणाला कळतसुद्धा नाही. कुणावर अन्याय नाही."

"मला अन्यायच पायजे," मामा म्हणाले. "भोंग्यापुढं बाकी समद्यांवर अन्याय पायजे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "साहेब, पंधरा दिवस द्या. मामांनी त्या कॉम्प्युटरला हवा तेवढा त्रास द्यावा. एकदा जरी भोंगा चुकला तर मी डब्याच्या मागणीवर सही करते."

मामांनी त्रास दिला. आयटीआय झालेले वायरमन होते ते, अडाणी नव्हते. भोंग्याच्या वेळेला त्यांनी भिंतीतली पिन उपटली, बॅटरीवर भोंगा वाजला. एकाच वेळी वीस-पंचवीस खिडक्या उघडल्या, मोठा अहवाल छापायला टाकला, मध्येच कागद अडकवला. भोंगा वाजला. एका दुपारी भर कचेरीत बसून पत्ते खेळले, आणि भोंगा मिनिटाला मिनिट वाजला. संध्याकाळी मी त्यांना शेजारी बसवून समजावायची. आत कामांची रांग कशी लागते, वेळ लावून ठेवलेलं काम आपोआप कसं उठतं, वाजल्याची नोंद कशी होते. ते वहीत लिहून घ्यायचे. पुढे शिक्षिका झाल्यावरही मी कुठल्या विद्यार्थ्यावर इतकी मेहनत घेतली नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते मनापासून आवडायला लागले होते.

सोळाव्या दिवशी ते साहेबांसमोर उभे राहिले. "हारलो साहेब. मॅडमचं खरंय. कशाला उगं डब्याची वाट बघायची?"

छपरावरचा जुना भोंगा त्यांनीच उतरवला. भोंग्याचा आवाज आता कॉम्प्युटरमधूनच निघायचा; वेळ झाली की अँप्लिफायर चालू होऊन तोच आवाज वायरीनं कर्ण्यांपर्यंत जायचा. नवे कर्णे वाजायचे तेव्हा खोलीत फक्त टेबलावरच्या छोट्या स्पीकरचा किरटा आवाज. काचा थरथरायच्या थांबल्या, हे मी सुधारणेत धरलं.

वर्षभरात नऊ आवर्तनं झाली. नऊही वेळा घाटावर खणखणीत भोंगा वाजला आणि माणसं वर आली. मामा तर आता गावोगाव माझ्याच भाषेत बोलायचे. पूर्वी पाणी सोडायच्या दिवशी ते मोपेड घेऊन काठाकाठानं घाटापर्यंत ओरडत जायचे. ते मीच बंद करायला लावलं होतं. "आता कशाला ऊन खाता, मामा?" असं म्हणून.

मग एप्रिलमध्ये आमचे जुने चौकीदार नामदेव घुले गेले. त्यांचा दहावा घाटावर, आणि त्याच दिवशी साडेदहाला आवर्तन. आदल्या संध्याकाळी माझ्या ते लक्षात आलं.

"पाणी दोन तास पुढं ढकलूया का?" मी विचारलं. "वीस-पंचवीस माणसं पात्रात असतील."

"शहरात टँकर चालू आहेत," साहेब फोनवर म्हणाले. "तुम्ही आणि बोऱ्हाडे बघा."

मामा दहाव्याला जाणारच होते. नामदेव त्यांचे जिवलग. ते म्हणाले, "ढकलू नगा. धाच्या आत उरकतंय. अन् न्हाईच उरकलं तर भोंगा हाये की. भोंग्याला समदी उठत्यात. मी हायेच तिथं."

मी दहा दहाचा भोंगा लावून ठेवला.

दुसऱ्या दिवशी धरणावर राहिलेले आम्ही सातजण सकाळी दहाला नियंत्रण कक्षात जमलो. तीच खोली मोठी. नामदेवांचा फोटो कॉम्प्युटरशेजारी टेकवून ठेवला होता, हार घातलेला. हेडक्लार्क दोन वाक्यं बोलले आणि म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू."

आम्ही उभे राहिलो, माना खाली घालून. आणि कॉम्प्युटर टिंग वाजला. वरच्या धरणाचा पातळीचा निरोप होता. थोड्या वेळानं पुन्हा टिंग. गेटवर मदतीला असलेला खलाशी दामू फिस्सकन हसला आणि लगेच खोकल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा हेडक्लार्कांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वाकले, पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर दाबलं आणि आवाज बंद केला.

मग नीट शांतता झाली. नामदेव मला पहिल्या दिवशी धरणावर फिरवताना म्हणाले होते, "पोरी, पाण्याकडं पाठ करून कधी उभी ऱ्हाऊ नको." ते आठवून माझे डोळे भरले. दोन मिनिटं संपली, तेवढ्यात दामू म्हणाला, "मॅडम, गेटच्या गिअरला ग्रीस केलंय. बघून घ्या, पुन्हा साडेधा व्हतील." बाकीचे आपापल्या कामाला पांगले आणि मी त्याच्याबरोबर बांधावर गेले.

पहिला कर्णा धरणापासून दोन किलोमीटर, वळणाच्या पलीकडे. बांधावर तो क्वचितच ऐकू यायचा. मी ऐकायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

दहा सत्तावीसला परत आले. पडद्यावर हिरव्या अक्षरांत नोंद होती. भोंगा सुरू दहा दहा, भोंगा पूर्ण दहा पंचवीस. साडेदहाला मी गेट उघडलं. पाणी नेहमीसारखं गर्जत सुटलं, आणि मी अहवाल टाइप करायला बसले.

सव्वाअकराला फोन वाजला. वेळगावचे पोलीस पाटील होते. त्यांचा आवाज चिरकत होता.

"बाई, घाटावर पाणी आलं. भोंगा का न्हाई दिला?"

"दिलाय की," मी म्हणाले. "माझ्यासमोर नोंद आहे. दहा दहाला दिलाय."

"काय नोंद घेऊन बसलायसा? माणसं व्हती पात्रात."

मी फोन तसाच धरून ठेवला. मला खरंच वाटत होतं की पाटील चुकतायत, वारा असेल, मंत्रांच्या आवाजात ऐकू आलं नसेल. पुन्हा नोंद वाचायला पडद्याकडे वळले आणि कोपऱ्यातलं ते स्पीकरचं चित्र दिसलं. त्यावर लाल फुली होती.

आपण काय केलंय हे मला पूर्ण कळलं होतं, आणि तरी मी त्या फुलीकडे नुसती बघत राहिले. यंत्रानं भोंगा वाजवला होता. ठरल्या मिनिटाला, पंधरा मिनिटं, इमानेइतबारे. फक्त आवाज नव्हता. मी निरोपांचा टिंग बंद केला आणि त्याच्यासोबत नदीकाठचे चारही कर्णे मुके झाले, कारण त्या यंत्राच्या लेखी दोन्ही नुसते आवाज होते.

"गेट बंद कर," मी दामूला ओरडले. "आधी गेट बंद कर."

घाटावर जाताना जीपमध्ये मला एकाच गोष्टीची भीती वाटत होती, आणि ती सांगायला आजही लाज वाटते. बोऱ्हाडेमामा मला काय म्हणतील? मी सांगत नव्हतो का, असं म्हणतील. ते वाक्य ऐकायची मी मनाची तयारी करत होते. माणसं वाचली की नाहीत, हा विचार त्याच्या मागून येत होता.

काठावर गाव लोटलं होतं. भटजी भिजून कुडकुडत बसले होते, भर एप्रिलात. नामदेवांचा मुलगा संपत, डोकं भादरलेला, गुडघ्यांत तोंड घालून बसला होता. पाटील म्हणाले, "बाकीची निघाली. त्याची आत्या गेली. सोनाआत्या. गुडघ्यानं अधू व्हती, उठता आलं न्हाई. कोसावर घावली."

सोनाआत्यांना मी ओळखत नव्हते. मागे कुणाच्या तरी लग्नात एका म्हातारीनं माझ्या पानात बळंच लाडू वाढला होता, त्या त्याच असतील का, असलं काहीतरी डोक्यात फिरत राहिलं.

संपतनं मान वर केली. "कावळा शिवत नव्हता मॅडम. पावणेअकरा झालं. मी म्हनालो, मामा, साडेधाचं पानी हाये ना, उठू या. तर मामा म्हनालं, बस. भोंग्याबिगर पानी सुटत न्हाई. आपल्या हापिसात साडेधा म्हंजी बारा. भोंगा वाजूंदे, मग उठू. मॅडमनी मला समदं समजावून सांगितलंय, ते यंत्र चुकत न्हाई." तो थांबला. "मामांनीच धरलं व्हतं आत्याला."

मामा जरा लांब, लिंबाखाली बसले होते. दोन्ही पंजे सोलवटून निघाले होते. मला बघून ते उठून उभे राहिले, नेहमी ऑफिसात उठायचे तसे.

"हात सुटला," ते म्हणाले. "लुगड्याचा पदर हातात आला, बाई न्हाई आली."

मी त्यांच्यापुढे उभी राहिले. सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात साहेबांची गाडी आली. येताना ते धरणावर थांबून आले होते. त्यांच्या हातात छापलेल्या नोंदीचा कागद होता. आम्हा दोघांना लोकांपासून जरा बाजूला घेऊन ते हलक्या आवाजात म्हणाले, "सिस्टिममध्ये काही दोष नाही. भोंगा वेळेवर दिलेला आहे. म्हणजे लाइन कुठंतरी तुटलीय. कामठे, तुम्ही निर्धास्त रहा. बोऱ्हाडे, लाइन तुमच्याकडे ना?"

"व्हय साहेब."

"शेवटची कधी तपासली?"

"दर शनवारी चालत बघतो. ह्या शनवारी न्हाई बघितली. नामदेवच्या घरी व्हतो." मामांनी मान खाली घातली. "वायर तुटली आसंल. चूक माजी हाये साहेब. यंत्राची न्हाई."

मी गप्प होते. किती वेळ ते सांगता येणार नाही. मिनिटभर असेल, जास्तही असेल. कागद माझ्या बाजूनं होता, साहेब माझ्या बाजूनं होते, आणि आता ज्याचं नुकसान होणार तो माणूसही माझ्याच बाजूनं बोलत होता. मी नुसतं उभं राहायचं होतं, बाकी सगळं आपोआप झालं असतं. मामांना निवृत्त व्हायला दीड वर्ष होतं.

पाटील जवळ आले होते. ते म्हणाले, "कसली वायर, साहेब? ते कॉम्प्युटरच भरवशाचं न्हाई. तवाच लोक म्हनत व्हते, जुना भोंगा काढू नका म्हनून."

आणि मामा त्यांच्यावर चिडले. भिजलेल्या कपड्यांत, रक्ताळलेल्या हातांनी ते माझी बाजू मांडायला लागले. "पाटील, ठावं नसलेलं बोलू नगा. मी सोता पंधरा दिस तपासलंय. पिन काढली तरी वाजतं. पंचवीस कामं टाकली तरी वाजतं. आत कामांची रांग असती, वेळ झाली की भोंग्याचं काम आपसूक उठतं. मॅडमनी शिकवलंय मला." मग माझ्याकडे वळले. "सांगा की वो मॅडम त्यांना."

माझेच शब्द. जसेच्या तसे, रांगेसकट. वर्षापूर्वी या माणसाला वादात हरवलं म्हणून मी घरी आईला फोन केला होता.

"वायर तुटलेली नाही," मी म्हणाले. "आवाज मी बंद केला होता. सकाळी श्रद्धांजलीच्या वेळी. पुन्हा चालू करायला विसरले."

साहेबांनी माझा दंड धरला. "तुम्हाला धक्का बसलाय. आत्ता काही बोलू नका. चौकशीत बघू."

"साहेब, मीच केला."

मामा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आला असता तर मला सुटल्यासारखं झालं असतं. त्यांनी हळूच मान हलवली. "न्हाई मॅडम. मला वाचवाया बोलताय तुमी. दीड वर्स राह्यलंय म्हनून. नगा करू असं. तुमची समदी नोकरी हाये पुढं."

"खरं सांगतेय, मामा."

"नोंद हाये ना वाजल्याची? मंग? न वाजता नोंद कशी व्हईल? तुमीच तर सांगितलंवतं, नोंद खोटं बोलत न्हाई."

त्यांना ते पटवणं मला जमेना. ज्या गोष्टीवर मी त्यांचा विश्वास बसवला होता, ती आता माझ्याच्यानं हलत नव्हती. शेवटी मी म्हणाले, "चला, दाखवते."

पुढे चौकशी झाली. मी लेखी जबाब दिला, निलंबित झाले, दोन वर्षांनी नोकरी सोडली. आता कॉलेजात शिकवते. ऑपरेटिंग सिस्टिमचा तास दुसऱ्या कुणाला तरी द्या, असं दरवर्षी प्राचार्यांना सांगते आणि दरवर्षी तो माझ्याच वाट्याला येतो. मुलं फायदे-तोटे लिहून घेतात, परीक्षेत पाच-पाच मुद्दे मांडतात. मी पाचाला पाच गुण देते. चिंचोडीवर नंतर तो एकाच कामाचा डबा आला, असं कळलं.

त्या दुपारी मामा जीपमधून माझ्याबरोबर आले. धरणावर उतरल्यावर त्यांनी सवयीनं चपला काढायला पाय झटकले. पायांत चपला नव्हत्या, त्या नदीत गेल्या होत्या. खोलीत नामदेवांचा फोटो तसाच होता. मी कॉम्प्युटरसमोर उभी राहिले आणि कोपऱ्यातली लाल फुली दाखवली.

मामा खाली वाकले. त्यांच्या कपड्यांतून पाणी फरशीवर गळत होतं. चष्माही नदीत गेला होता, म्हणून त्यांनी तोंड पडद्याच्या अगदी जवळ नेलं.

"ह्याच्यावर दाबलं की?"

"आवाज बंद होतो. सगळाच."

"अन् भोंगा?"

"तो सुरू होतो, संपतो. ऐकू येत नाही एवढंच. त्याला वाटतं, वाजला."

मग त्यांनी सोललेलं बोट पुढे केलं, पण पडद्याला लावलं नाही.

"पंधरा दिस मी त्याला काय काय करून बघितलं," ते म्हणाले. "एवढंच करायचं व्हतं?"

मी हो म्हणाले.